लेहच्या आधीची यादी : मुंबईतून लांबच्या वाटेला निघण्याच्या तयारीचा इतिहास

#थ्रेड

१.
मे महिना उजाडला की गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या चाळींच्या गॅलरीत आणि इमारतींच्या गच्चीवर एक ठराविक यादी लिहिली जाते. क्लच वायर, ॲक्सिलरेटर वायर, दोन ट्यूब, जास्तीचे प्लग, पाना-पेटी, पेट्रोलचे कॅन, रेनकोट, औषधे, ओळखपत्रांच्या झेरॉक्स. चार-पाच मित्र, तितक्याच मोटारसायकली आणि मार्गाच्या टोकाला एकच नाव : लेह. या यादीला इतिहास आहे, आणि तो मोटारसायकलीपेक्षा बराच जुना आहे. हा धागा त्या इतिहासाविषयी.

२.
मुंबईतून उत्तरेकडे निघणाऱ्या कोणालाही, कोणत्याही काळात, पाच गोष्टी जमवाव्या लागल्या : वाट, वाहन, कागद, रजा आणि सोबत. पाचही एकाच वेळी सहज मिळाल्या, असा काळ क्वचितच आला. ज्या काळात जी गोष्ट दुर्मीळ होती, तिनेच कोण निघणार आणि कोण मागे राहणार हे ठरवले. म्हणून तयारीचा इतिहास हा सामानाचा इतिहास जेवढा आहे, तेवढाच मागे राहिलेल्यांचाही आहे.

३.
प्रथम वाट. फोर्टमधील सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. पुढे या चर्चला शून्य मानून मुंबईतील अंतरे मोजली गेली आणि शहरात मैलाचे दगड रोवले गेले. त्यांपैकी काही परळ-दादरच्या पट्ट्यात पदपथांत अर्धेअधिक गाडले गेले होते. अलीकडच्या वर्षांत महापालिकेने त्यांतील काहींचे जतन केले. गिरणगावातून उत्तरेला निघणारा आजचा स्वार या जुन्या मोजणीच्याच रेषेवरून शीवकडे जातो.

४.
शीव ओलांडले की लालबहादूर शास्त्री मार्ग लागतो. जुनी माणसे त्याला अजूनही आग्रा रोड म्हणतात. ठाणे, कसारा घाट, नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा असा हा मार्ग. स्वातंत्र्यापूर्वी या वाटेवर होळकरांचे आणि शिंद्यांचे संस्थान ओलांडावे लागे. त्यामुळे मराठी माणसाला ही वाट पूर्णपणे परकी कधीच नव्हती. इंदूर आणि ग्वाल्हेर येथे मराठी बोलणारी घरे होती, आणि रात्रीच्या मुक्कामाला ओळख निघणे शक्य होते.

५.
या दिशेने गेलेल्या मराठी प्रवाशांपैकी सर्वांत परिचित नाव म्हणजे पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. १८५७ मध्ये ते आपल्या चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. कारण साधे होते. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे दक्षिणा मिळेल, अशी वार्ता होती. वाटेत महूच्या परिसरात त्यांना बंडाची बातमी लागली. पुढे ते झाशीच्या वेढ्याचे साक्षीदार झाले.

६.
गोडसे भटजींकडे वाहन नव्हते, नकाशा नव्हता. पण त्यांची तयारी कच्ची नव्हती. वडिलांची परवानगी, अनुभवी चुलत्यांची सोबत, यज्ञाची खात्रीलायक वार्ता आणि कोठेही उपयोगी पडणारे भिक्षुकीचे ज्ञान, एवढी शिदोरी त्यांच्यापाशी होती. परत येताना त्यांनी गंगेचे पाणी कावडीतून आणले. हा वृत्तान्त त्यांनी कित्येक वर्षांनी लिहिला आणि तो चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने छापला. लिहिला गेला, म्हणून आपल्याला माहीत आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा. शेवटी त्याची गरज पडेल.

७.
आता वाहन. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले : अदी हकीम, जाल बापसोला, रुस्तम भूमगरा, केकी पोचखानवाला, नरीमन कापडिया आणि गुस्ताद हाथीराम. सहाही जण बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सदस्य होते. पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक, सीरियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असा त्यांचा मार्ग झाला.

८.
मार्च १९२८ मध्ये प्रवास पुरा करून मुंबईत परतले ते तिघेच : हकीम, बापसोला आणि भूमगरा. कापडिया इराणपर्यंत जाऊन मागे फिरले. हाथीराम यांनी अमेरिकेतच राहणे पसंत केले, आणि पोचखानवाला यांनीही तेथे साथ सोडली. साडेचार वर्षांच्या या प्रवासात सुमारे ७१ हजार किलोमीटर अंतर कापले गेले. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. १९३३ मध्ये मुंबईतूनच आणखी तीन पारशी तरुण, केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ, अशाच प्रवासाला निघाले.

९.
या सहा जणांची ओळख क्लबमधली होती, ही बाब महत्त्वाची आहे. वजन उचलण्याच्या सरावातून शरीर तयार झाले होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रोज एकत्र घाम गाळताना एकमेकांचे स्वभाव कळले होते. तरीही सहांतील निम्मेच शेवटपर्यंत टिकले. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक चमूने हा हिशेब समोर ठेवावा. कोणी मध्येच परत फिरला तर प्रवास मोडत नाही. तशी शक्यता गृहीतच धरलेली नसेल, तर मात्र मोडतो.

१०.
तिसरी गोष्ट कागद. पहिल्या महायुद्धानंतर देशोदेशी पासपोर्टची सक्ती रूढ झाली. १९२३ च्या सायकलस्वारांना वाळवंटाइतकीच काळजी शिक्क्यांची घ्यावी लागणार होती. मोटारवाल्यांसाठी मुंबईत १९१९ मध्येच वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली होती. सरहद्दीपलीकडे वाहन नेण्यासाठी लागणारे कार्ने नावाचे जकातपत्र आणि आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळवून देणे, ही तिची कामे. रस्त्यांचे नकाशे बर्मा-शेलसारखी तेल कंपनीही छापत असे. पेट्रोल विकायचे तर लोकांना आधी लांबचे रस्ते दाखवायला हवेत, हे त्या कंपनीने ओळखले होते.

११.
येथे एक प्रश्न पडतो. १९२३ मध्ये मुंबईच्या तरुणांना लांबचा प्रवास म्हणजे पश्चिमेची वाट वाटली : पंजाब, बलुचिस्तान, इराण. मग आज तो शब्द उच्चारताच सर्वांच्या मनात लडाखच का येते? उत्तर फाळणीत आहे. १९४७ नंतर पंजाबच्या मधून सरहद्द गेली. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून येणारे हिप्पी ती ओलांडत होते. पण १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षअखेरीस सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले, आणि युरोपकडची ती खुष्कीची वाट जवळजवळ बंद पडली. मुंबईकरासाठी ‘लांब’ ही दिशा पश्चिमेकडून उत्तरेला वळली.

१२.
उत्तरेची वाट मात्र आयती नव्हती. ७ मे १९६० रोजी सीमा रस्ते संघटना स्थापन झाली. चीनच्या सीमेवरील तणावातून श्रीनगर-लेह रस्ता आकाराला आला. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांसाठी खुले झाले, आणि मनाली-लेह मार्ग नागरी प्रवाशांना १९८९ मध्ये मिळाला. म्हणजे आपण ज्याला ‘पिढ्यान्‌पिढ्यांचे स्वप्न’ म्हणतो, ते मनालीच्या वाटेने तरी चाळीस वर्षांचेही नाही. १९९९ च्या युद्धाने द्रास, कारगिल ही नावे घरोघरी पोहोचवली. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ने पँगाँग सरोवर दाखवले. २०२० मध्ये रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला.

१३.
हे रस्ते कोण राखतो? सैन्य आणि अभियंते यांचा उल्लेख होतो, तो योग्यच आहे. परंतु खडी फोडणारे, डांबर उकळणारे, दरड बाजूला करणारे हात मोठ्या प्रमाणावर झारखंडातील दुमकासारख्या जिल्ह्यांतून येतात. २०२० च्या टाळेबंदीत लडाखमध्ये अडकलेल्या अशा मजुरांपैकी साठ जणांना विमानाने परत आणावे लागले, तेव्हा देशाला त्यांची आठवण झाली. घाटात हिरवे किंवा पिवळे जाकीट घातलेला कामगार दिसला तर गाडी हळू करावी. आपली वाट त्याने उघडी ठेवलेली असते.

१४.
पुन्हा वाहनाकडे येऊ. पन्नाशीच्या दशकात भारतीय सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी बुलेट निवडली, आणि १९५५ मध्ये मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया उभी राहिली. १९६१ पासून म्हैसूरला जावा बनू लागली. पुढे तिचीच येझदी झाली. आग्रा रोडवर भांडुपला लॅम्ब्रेटा स्कूटर तयार होत होती. पण परमिटच्या त्या काळात कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवी, आणि पसंतीच्या स्कूटरसाठी कित्येक वर्षे थांबावे लागे. नाव नोंदवणारा तरुण गाडी मिळेपर्यंत संसारी झालेला असे.

१५.
ही कोंडी ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर फुटली. १९८४ मध्ये इंड-सुझुकी आली, १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००. हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या आणि हप्त्यांवर घेता येतील अशा या गाड्या. ऑपेरा हाऊस आणि लॅमिंग्टन रोडच्या आसपास मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आधीपासून होती. गल्लीतला मिस्त्री आता दुचाकीतही पारंगत झाला. पण योगायोग पाहा. गाडी आवाक्यात येत होती, त्याच काळात गिरणगावाचा पगार बंद पडला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्यांतील कित्येकांना पुन्हा कामावर जाता आले नाही.

१६.
आणि मग चौथी गोष्ट, रजा. हिशेब करू. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. तीनशे दिवस भरले तर पंधरा दिवस. मुंबई ते मनाली साधारण १,९०० किलोमीटर. रोज चारशे धरले तर पाच दिवस. पुढे लेहपर्यंत, विरळ हवेची शरीराला सवय होऊ देत, किमान तीन दिवस. एकेरी आठ, परतीसह सोळा. म्हणजे वर्षभराची सगळी रजा खर्च करूनही एक दिवस कमीच पडतो. बदली कामगाराचे तर २४० दिवसच भरत नसत.

१७.
शिवाय त्या पंधरा दिवसांवर गावाचा हक्क आधीच लागलेला असे. गणपती, शिमगा, पेरणी, लग्नकार्य. गिरणगावातील माणसाचा लांबचा प्रवास म्हणजे कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात जाणे. त्या प्रवासाचीही तयारी होती : आगाऊ तिकिटासाठी रात्रभर रांग, पत्र्याची ट्रंक, घरच्यांसाठी कापड, शेजाऱ्याने गावी पोहोचवायला दिलेले पाकीट. तिला कोणी मोहीम म्हटले नाही. ओझ्याचे आणि जबाबदारीचे माप लावले, तर ती कोणत्याही मोहिमेहून हलकी नव्हती.

१८.
पाचवी गोष्ट सोबत, आणि येथे गिरणगाव कोणाच्याही मागे नव्हते. एकाच गावच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोल्या, बायकांनी चालवलेल्या खाणावळी, तालमी, व्यायामशाळा, भजनी मंडळे, गणेशोत्सव मंडळे. गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा सार्वजनिक गणपती १८९३ चा, लालबागचा राजा १९३४ चा. वर्गणी काढणे, हिशेब ठेवणे, कामे वाटून घेणे आणि भांडण झाल्यावरही दुसऱ्या दिवशी एकत्र उभे राहणे, हे या मंडळांनी शिकवले. गिर्यारोहणासाठी १९५४ मध्ये मुंबईत गिरिविहार संस्था निघाली. आजही अनेक चमू लडाखचा खर्च भिशीतून उभा करतात. दर महिन्याला ठराविक रक्कम, आणि वर्षअखेरीस एकाऐवजी सर्वांचा एकच नंबर. जुन्या चाळीची ही पद्धत नव्या रस्त्यावर चालते आहे.

१९.
आता मेमधल्या त्या यादीकडे पुन्हा पाहू, म्हणजे तिच्यातील एकेका वस्तूचे कारण कळेल. जास्तीचे प्लग कशासाठी? पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडींत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. कार्ब्युरेटर पेट्रोल मात्र पूर्वीच्याच हिशेबाने सोडतो. पेट्रोल पुरते जळत नाही, प्लगवर काजळी बसते, गाडी चढावर धापा टाकते. २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतर बहुतेक मोटारसायकलींत फ्युएल इंजेक्शन आले. ते हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल कमी करते. प्लग यादीत राहिले आहेत ते बरेचसे सवयीने.

२०.
कॅन कशासाठी? टांडी येथील पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी पाटी वर्षानुवर्षे होती. टाकी तेरा लिटरची आणि सपाटीवरचे ॲव्हरेज पस्तीस धरले तर ४५५ किलोमीटर होतात, चिंता दिसत नाही. पण चढ, सामान आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरचा रस्ता यांमुळे ॲव्हरेज पंचवीसवर आले की ३२५ उरतात. म्हणजे शेवटचे चाळीस किलोमीटर ढकलत. दोन लिटरचा कॅन या चाळीस किलोमीटरांची सोय करतो. आणि यादीत न लिहिलेली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे लेहमध्ये स्वस्थ बसून काढायचे दोन दिवस. यंत्राला जेट बदलून किंवा संगणकाने उंची शिकवता येते. शरीराला ती वेळ देऊनच शिकवावी लागते.

२१.
आज वाट आहे. वाहन हप्त्यांवर मिळते. देशांतर्गत प्रवासाला कागद फार लागत नाहीत. मग तुटवडा कशाचा? रजेचाच. लोअर परळमध्ये गिरण्यांच्या जागी मॉल आणि कार्यालये उभी आहेत. त्यांच्या दारात दिवसभर शेकडो मोटारसायकली येतात-जातात. त्या चालवणाऱ्या, पाठीवर पेटी घेतलेल्या तरुणांचे महिन्याचे किलोमीटर लडाखच्या सहलीला लाजवतील. त्यांच्याकडे गाडी आहे, हात बसलेला आहे, मुंबईच्या पावसात चालवण्याचा अनुभव आहे. पगारी रजा नाही. जुन्या बदली कामगाराचे २४० दिवस भरत नसत. यांचे दिवस तर कोणी मोजतच नाही. त्याच गल्ल्यांत, चाळीस वर्षांनी, निघणारे आणि मागे राहणारे यांच्यामधली रेघ पुन्हा त्याच जागी आहे.

२२.
इतिहासाच्या विद्यार्थ्याची शेवटी एक विनंती. गोडसे भटजींनी लिहिले, म्हणून एका कर्जबाजारी भिक्षुकाची वाट आपल्याला दिसते. सायकलस्वारांनी लिहिले, म्हणून त्यांची नावे घेता येतात. गिरणी कामगारांच्या हजारो गावफेऱ्यांचे असे पुस्तक नाही, कारण ट्रंकेतली वही कोणी साधन मानली नाही. तेव्हा या वर्षी निघत असाल तर यादी फेकू नका. खर्चाची वही, पेट्रोलच्या पावत्या, रजेचा अर्ज, भिशीचा हिशेब, जो येऊ शकला नाही त्याचे नाव आणि न येण्याचे कारण, तारखेसह लिहून ठेवा. छायाचित्रे सगळ्यांची सारखीच निघतात. हिशेब मात्र ज्याचा त्याचा असतो.

२३.
आणि घरी विचारा. आजोबांनी किंवा पणजोबांनी पहिल्यांदा मुंबईत येताना सोबत काय आणले होते, रजा किती मिळाली होती, बरोबर कोण होते. मिळालेले उत्तर या धाग्याखाली लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील. गाव आणि साल मात्र अवश्य लिहा.